वर्षानुवर्षं उभी राहून जाम झालेली हिरो होंडा पुन्हा चालू करायची असेल तर

पडवीत किंवा आंब्याखाली सात-आठ पावसाळे काढलेली गाडी बाहेर ओढली की बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे किक मारणं. किक हलली नाही की दोघं मिळून मारतात. तरी नाही हलली की दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावरून ढकलतात. उभं राहून इंजिन जेवढं खराब होत नाही तेवढं या पहिल्या तासाभरात होतं. पिस्टनच्या रिंगा तुटतात, लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या लोखंडी नळीवर) ओरखडे उठतात, किकच्या शाफ्टचे दाते जातात. मग गॅरेजवाला सांगतो, "इंजिन गेलं, भंगारात द्या."

म्हणून हा लेख. समोर धरली आहे ती १०० सीसीची जुनी चार-स्ट्रोक हिरो होंडा, म्हणजे सीडी १०० किंवा स्प्लेंडर. घराघरांत हीच उभी असते आणि तिचे पार्ट अजून तालुक्याच्या बाजारात मिळतात. नवशिक्यानं शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही. बुलेट किंवा आरएक्स १०० असेल तर जिथे फरक पडतो तिथे सांगितलं आहे.

टप्पा १: पान्याआधी कागद

खर्च करण्याआधी आरसी शोधा. खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. उशीर झाला असेल तर त्याचं वेगळं शुल्क आणि जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर धरून हिशोब करा. मूळ मालक हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. कर्जावर घेतलेली गाडी असेल आणि बोजा उतरवलेला नसेल तर आधी फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही बसवावी लागते.

आता हँडलखालच्या नळीवरचा चॅसी नंबर आणि इंजिनच्या केसवरचा इंजिन नंबर घासून साफ करा आणि आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. हे आत्ताच करायचं कारण आहे. जाम इंजिनावर "भंगारातलं चालू इंजिन टाका" हा सल्ला हमखास मिळतो. तसं केलं की इंजिन नंबर बदलतो आणि आरटीओत गाडी अडकते. आतलं काहीही बदला, नंबर असलेली केस मात्र जपा.

तपासा: दोन्ही नंबर जुळतात का? कागद तुमच्या किंवा घरच्यांच्या नावावर होऊ शकतात का? नसतील तर इथेच थांबा.

टप्पा २: जागा, अवजारं आणि आत लपलेले पाहुणे

छप्पर असलेली, हवेशीर जागा हवी. स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा देवघराच्या खिडकीखाली काम करू नका, कारण पुढचे काही दिवस पेट्रोल, डिझेल आणि अ‍ॅसिटोनची वाफ असणार आहे. वाळूची बादली आणि ओलं पोतं हाताशी ठेवा.

अवजारांत रिंग पाने, सॉकेट सेट, प्लगपाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर आणि हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागेल. या शेवटच्यावर पैसे वाचवू नका. होंडाच्या इंजिनावरचे आणि कार्ब्युरेटरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपला नेहमीचा स्टार पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. एकदा डोकं गोल झालं की ड्रिल मारण्यावाचून इलाज नाही.

काहीही सुटं करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून कशी वळते, कोणत्या रंगाची वायर कुठे जाते, हे दोन आठवड्यांनी आठवत नाही. प्रत्येक भागाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी.

मग एअर फिल्टरचा डबा उघडा. उंदरांचं घरटं सापडण्याची शक्यता मोठी आहे: चिंध्या, भाताची तुसं, फिल्टरचाच कुरतडलेला स्पंज. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. कुंभारीण माशीनं मातीची घरं केलेली असतात आणि कधीकधी पूर्ण नळी बुजलेली असते. हे सगळं इंजिन फिरण्याच्या आधी निघालं पाहिजे, नाहीतर पिस्टन ते आत ओढून घेईल.

इशारा: गाडी लगेच सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरनं धुऊ नका. प्लग, कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर यांची तोंडं नीट बंद न करता मारलेलं पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.

टप्पा ३: नेमकं काय अडकलंय ते ओळखा

"जाम" म्हणजे इंजिनच असं धरून चालू नका. गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवा. चाकच फिरत नसेल तर ब्रेक शू ड्रमला चिकटले असतील किंवा चेन गंजून काठीसारखी ताठ झाली असेल. चाक मोकळं असेल तर प्लग काढा आणि किक हातानं, पुन्हा सांगतो, हातानं, हळूच दाबा. किक खाली गेली तर इंजिन मोकळं आहे, थेट टप्पा ७ वर जा. अर्ध्यावर थांबली तर जोर लावू नका.

आता घरच्यांना एक प्रश्न विचारा: गाडी उभी केली तेव्हा चालू होती की चालता चालता बंद पडली होती?

चालू स्थितीत उभी केली असेल तर आत गंज आहे. उभं राहताना एखादा वॉल्व्ह उघडा राहतो, त्यातून पावसाळी दमट हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टन जिथे थांबलाय तिथे लोखंडी रिंगा लोखंडी लायनरला गंजानं धरून बसतात. हे सुटतं. चालता चालता घर्रकन बंद पडली असेल तर ऑइल संपून पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम लायनरवर पुसलं गेलंय. ते कितीही भिजवलं तरी सुटून उपयोग नाही. हेड आणि ब्लॉक (सिलिंडरचं झाकण आणि सिलिंडर) उघडून बोअर करावंच लागेल, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा करून घ्यावा लागेल, म्हणून टप्पा ६ वाचा.

टप्पा ४: भिजवणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात जास्त धीरही इथेच लागतो.

लोक प्लगच्या भोकातून थोडं डिझेल ओततात आणि दुसऱ्या दिवशी किक मारतात. बुलेट किंवा आरएक्स १०० मध्ये सिलिंडर उभा असतो, तिथे ओतलेलं तेल पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे पसरतं. पण या हिरो होंडाचा सिलिंडर जवळजवळ आडवा, पुढच्या चाकाकडे तोंड करून असतो. त्यात ओतलेलं तेल फक्त खालच्या बाजूला साचतं आणि रिंगांचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. महिनाभर भिजवूनही इंजिन सुटलं नाही असं सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचं घोडं इथेच अडलेलं असतं.

दोन मार्ग आहेत. सोपा असा: टाकी काढून ठेवा, बॅटरी काढा, इंजिनातलं जुनं ऑइल सोडून द्या आणि जुन्या टायरवर गाडी अशी आडवी करा की प्लगचं भोक वर येईल. मग ते भोक काठोकाठ भरता येतं आणि रिंगेचा पूर्ण घेर भिजतो. दुसरा मार्ग म्हणजे इंजिन फ्रेममधून उतरवून सिलिंडर वर करून उभं ठेवणं. काम वाढतं, पण पुढे हेड उघडायची वेळ आलीच तर तेही सोपं जातं. मदतीला माणूस असेल तर मी दुसरा मार्ग घेईन.

ऑइल सोडताना त्याच्याकडे नीट बघा. काळं असेल तर ठीक. दुधट, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे क्रँकची बेअरिंगही गंजलेली असू शकतात. तळाशी लोखंडाचा चुरा चमकताना दिसला तर इंजिन उघडण्याची तयारी ठेवा.

काय ओतायचं? निम्मं पॉवर स्टिअरिंगमध्ये वापरतात ते एटीएफ ऑइल आणि निम्मं अ‍ॅसिटोन, हे मिश्रण गंजात सगळ्यात चांगलं शिरतं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतण्याआधी हलवा. अ‍ॅसिटोन लवकर उडून जातं, त्यामुळे रोज थोडी भर घाला. ते मिळालं नाही तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. गंज सोडवायचा स्प्रे बाहेरच्या बोल्टांना चांगला, पण इथे तो पुरत नाही.

किती ओतलं ते मोजा. ९७.२ सीसीच्या या इंजिनात पिस्टन अगदी खाली असला तरी वरची जागा धरून ११० मिलीच्या आसपास मावतं. त्याहून जास्त जात राहिलं तर ते उघड्या वॉल्व्हमधून बाहेर पडतंय. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून ती दोन्ही तोंडं बुचानं बंद करा. भरल्यावर पातळी कुठे आहे त्याची खूण करा. सकाळी पातळी थोडी उतरली असेल तर आनंदाची गोष्ट आहे, तेल रिंगांच्या फटीतून खाली झिरपतंय.

कमीत कमी आठवडाभर हात लावायचा नाही. रोज फक्त भर घालायची आणि लाकडी मुठीनं ब्लॉकवर हलकेच टकटक करायचं, त्या कंपनानं तेल आत सरकतं. बाहेरून उकळतं पाणी ओतलं तरी चालतं: ब्लॉक आधी फुगतो, पिस्टन अजून थंड असतो, फट किंचित वाढते.

इशारा: ब्लोलॅम्प, गॅसची ज्योत, वेल्डिंग यांपैकी काहीही नको, आत अ‍ॅसिटोन आहे. कोल्ड्रिंक, व्हिनेगर, संडास साफ करायचं अ‍ॅसिडही इंजिनात ओतू नका. गंजाआधी ते अ‍ॅल्युमिनियम खातं.

टप्पा ५: सोडवणं

भिजवल्यावरही किक मारायची नाही. डावीकडचं मॅग्नेटोचं झाकण काढा (काही मॉडेलना मधोमध गोल टोपी असते, तेवढी काढली तरी पुरतं) आणि फ्लायव्हीलच्या (आतल्या जड चाकाच्या) नटावर सॉकेट लावा. दांडा नेहमीचाच, वर पाइप घालून लांब करायचा नाही. तुमच्या मनगटाला न जमणारा जोर रिंगेलाही सोसत नाही.

फ्लायव्हीलवर आणि केसवर मार्करनं समोरासमोर रेघ मारा. आता आधी घट्ट होण्याच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, हलका दाब द्या आणि धरून ठेवा. मग उलट. उलट फिरवताना रेघ न हलता फक्त नट फिरला तर नटच सुटतोय, इंजिन नाही. रेघ केसाएवढी जरी सरकली तरी थांबा. परत मागे, पुन्हा पुढे, पुन्हा थोडं तेल. अशी झुलवत झुलवत वाट वाढवायची. पहिल्याच हालचालीत पूर्ण फेरा मारायचा मोह टाळा. लायनरवर रिंगांच्या वर-खाली गंजाचा खडबडीत पट्टा असतो आणि त्यावरून कोरडी रिंग ओढली की ती तुटते.

झाकण काढायचं नसेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवा. वरच्याच गिअरमध्ये चाकाचा जोर क्रँकपर्यंत जास्त पोहोचतो. पहिल्या गिअरमध्ये उलटं होतं, तिथे कितीही ढकललं तरी उपयोग नाही.

पूर्ण फेरा फिरला की वरची दोन्ही टॅपेटची (वॉल्व्हची फट लावायच्या स्क्रूंची) झाकणं काढा आणि फिरवत असताना बघा. दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) खाली-वर होताहेत आणि प्रत्येक वॉल्व्ह आपला आपण परत बसतोय का? एखादा वॉल्व्ह गाइडमध्ये गंजून उघडाच राहिला असेल तर तिथला टॅपेट अचानक ढिला दिसेल. असं दिसलं तर तिथेच थांबा. पुढचा फेरा पिस्टन त्या वॉल्व्हवर आपटवेल.

तपासा: प्लग काढलेला असताना इंजिन पूर्ण दोन फेरे सहज फिरतं का? दोन्ही वॉल्व्ह बसतात का? प्लगच्या भोकातून आतलं सगळं तेल बाहेर उडवलंत का? सिलिंडरमध्ये द्रव असताना प्लग लावून किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

टप्पा ६: सुटलंच नाही तर

तीन आठवडे नीट भिजवूनही रेघ हलली नाही तर हेड उघडा. टायमिंग चेन सोडण्याआधी शक्य असेल तर खुणा जुळवा, पण जाम इंजिनात त्या जुळणार नाहीत. मग स्प्रॉकेट आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवा आणि बसवताना फ्लायव्हीलवरची "टी" खूण (पिस्टन अगदी वर असल्याची) आणि कॅम स्प्रॉकेटवरची खूण मॅन्युअलप्रमाणे जुळवा. हेडच्या नटांपैकी कोणत्या नटाखाली तांब्याचा वॉशर होता ते लिहून ठेवा. तो दुसऱ्या जागी गेला की हेडमधून ऑइल पाझरतं आणि दोष पॅकिंगला दिला जातो.

आता पिस्टन दिसतो. इथली घातक चूक म्हणजे हातोडी घेऊन त्याच्यावर ठोकणं. पिस्टन वाटेत कुठेतरी मधे असेल तर बोअरपेक्षा थोडा लहान लाकडी ठोकळा त्यावर ठेवून हलके ठोके चालतात. पण पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असेल तर रॉड क्रँकशी सरळ रेषेत असतो. अशा वेळी कितीही ठोका, क्रँक फिरणारच नाही; सगळा मार रॉडच्या बेअरिंगवर बसतो. तिथे उपाय एकच, ब्लॉकच मोकळा करून पिस्टनवरून वर ओढून काढायचा. ब्लॉकचे पंख ठिसूळ असतात, त्यांच्याखाली पेचकस घालून उचकटू नका.

ब्लॉक लेथवाल्याकडे न्या आणि त्याच्यासमोर माप घ्यायला सांगा. या इंजिनाचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमीचा. गंजाचा पट्टा नखाला लागत नसेल, नुसता डाग असेल, तर होनिंग (सिलिंडर आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगा पुरतात. नखाला खड्डा लागत असेल तर पुढच्या मापाचा पिस्टन आधी घ्या आणि तो हातात देऊनच बोअर करून घ्या. उलट केलं, म्हणजे आधी बोअर आणि मग पिस्टन, तर फट कधीच बरोबर येत नाही.

रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये घाला, पिस्टननं सरळ ढकला आणि टोकांमधली फट फीलर गेजनं मोजा. अर्ध्या मिमीच्या आसपास गेली असेल तर ती रिंग या बोअरची नाही. पिस्टनवर रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवू नका, आणि पिस्टनच्या पिनचं सर्कलिप (पिन अडवून धरणारी तारेची कडी) नवंच वापरा.

टप्पा ७: ऑइल आणि टॅपेट

भिजवलेलं तेल रिंगांतून खाली केसमध्ये गेलेलं असतं. ते पूर्ण सोडा. थोडं स्वस्त ऑइल घालून हातानं फिरवा आणि तेही सोडा. उजवीकडची केस उघडलीच असेल तर आतली ऑइलची जाळी आणि फिल्टर रोटर धुऊन घ्या. तिथे वर्षांचा काळा गाळ असतो.

नवं ऑइल मोटरसायकलचंच घ्या, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. कारचं ऑइल क्लच घसरवतं. पातळी बघताना डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या कॅमवर टॅपेटच्या झाकणातून चमचा-दोन चमचे ऑइल हातानं सोडा. मग प्लग न लावता हळूहळू किक मारत राहा आणि वर, रॉकरपाशी, ताजं ऑइल पोहोचतंय का बघा. ते दिसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. ही एक अट मोडली तर आत्तापर्यंतची मेहनत दोन मिनिटांत जाते.

टॅपेटची फट थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टोकाला (दोन्ही वॉल्व्ह बंद असताना), "टी" खुणेवर लावा. जुन्या १०० सीसीला ०.०५ मिमी, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

टप्पा ८: टाकी आणि कार्ब्युरेटर

जुनं पेट्रोल सोडा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी शोषतं आणि ते तळाशी बसतं, म्हणून टाकीचा तळ आधी गंजतो. पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा आणि पाण्यात लिंबूसत विरघळवून टाकी काठोकाठ भरा, साधारण १० लिटरला अर्धा किलो. एक दिवस ठेवा. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, मग साध्या पाण्यानं, आणि लगेच हेअर ड्रायरनं वाळवा. तासाभरात नवा गंज चढू लागतो, म्हणून वाळली की पेट्रोलमध्ये थोडं ऑइल घालून आतून सगळीकडे फिरवून घ्या.

इशारा: गळकी टाकी वेल्डिंगला देताना "रिकामी आहे" यावर जाऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हे काम फक्त ज्याला टाकीचं काम येतं त्याच्याकडेच.

कार्ब्युरेटरची वाटी उघडली की तळाशी काकवीसारखं चिकट, आंबट वासाचं काहीतरी असेल. जेट काढण्याआधी एअर स्क्रू हलकेच आत फिरवून किती आटे ते लिहा, मग काढा. स्लो जेटचं भोक इतकं बारीक असतं की उजेडाकडे धरलं तरी क्षणभर शोधावं लागतं. त्यात सुई घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कधीच नीट आयडलिंगला बसत नाही. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब वापरा. रबरी नळ्या आणि ओ-रिंगा सरसकट नव्या घ्या. आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तीस वर्षांपूर्वीचं रबर बनलेलं नव्हतं.

टप्पा ९: करंट

या जुन्या गाड्यांत प्लगचा करंट मॅग्नेटोतून येतो, बॅटरी नसली तरी येतो. म्हणून आधी बॅटरीवर खर्च करू नका. नवा प्लग टोपीत लावून इंजिनच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून दूर धरा आणि किक मारा. निळी ठिणगी हवी. नाही आली तर चावीच्या लॉककडे जाणारी काळी-पांढरी वायर सुटी करून पुन्हा बघा. गंजलेलं लॉक करंट जमिनीला देत असतं आणि लोक उगीच सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलत बसतात. तरी नाही आली तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा. टाकीखालचा भाग हे त्यांचं आवडतं ठिकाण.

बॅटरी घेताना बल्बवरचा आकडा वाचा. ६ व्होल्टच्या गाडीत १२ ची बॅटरी बसवलेली पाहिली आहे.

टप्पा १०: पहिली किक

त्याआधी अ‍ॅक्सिलरेटर फिरवून सोडा. तो स्वतःहून खटकन परत आला पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनही. गंजलेली केबल अडकली आणि इंजिन ओरडत सुटलं तर नवा पिस्टन पहिल्याच मिनिटाला जातो.

टाकी अजून लावू नका. छोट्या बाटलीत ताजं पेट्रोल उंच टांगा. उघड्यावर, वाळूची बादली जवळ, चोक ओढून किक. चालू झाली की नुसती चालू ठेवा, रेस देऊ नका. सुरुवातीचा पांढरट दाट धूर सिलिंडर आणि सायलेन्सरमधल्या तेलाचा आहे, घाबरू नका. दोन-तीन मिनिटांनी बंद करून थंड होऊ द्या, मग पुन्हा. वीसेक मिनिटं चालल्यावरही निळा धूर येतच राहिला तर रिंगा किंवा वॉल्व्ह सील.

आवाज ऐका. टॅपेटचा बारीक टकटक चालेल. खालून, केसमधून, रेसबरोबर वाढणारा घणाघात आला तर रॉडचं बेअरिंग गेलंय, लगेच बंद. क्लच दाबूनही गिअर टाकताच गाडी पुढे उडत असेल तर क्लचप्लेटा एकमेकींना चिकटल्यात. क्लचचा लिव्हर दाबून ट्यूबच्या पट्टीनं हँडलला बांधून रात्रभर ठेवा; बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतात.

ही पहिली फेरी झाली की इंजिन गरम असतानाच ऑइल पुन्हा बदला. "कालच टाकलंय" म्हणून सोडू नका, त्यात डिझेल आणि गंज दोन्ही आहेत.

टप्पा ११: थांबता येतं का?

इंजिन चालू झालं की माणूस सरळ रस्त्यावर निघतो. मला सगळ्यात जास्त काळजी याच क्षणाची वाटते.

दोन्ही ड्रम उघडा. जुन्या ब्रेक शूवरचं लायनिंग शूपासून सुटतं, कारण चिकटवलेला डिंक वर्षांनी मरतो. बाहेरून जाड, चांगलं दिसतं आणि पहिल्या जोराच्या ब्रेकला तुकडा आत फिरून चाक लॉक होतं. शू नवे घ्याच. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

टायरच्या कडेवर चार आकडी कोड असतो. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांपुढचा टायर रबराच्या दृष्टीनं संपलेला आहे. ट्यूबही बदला. चेन-स्प्रॉकेट सेट, ब्रेक आणि क्लचच्या केबल्या नव्या. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश वळवा. मधोमध खटका लागला तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला.

टप्पा १२: रस्ता, आणि मग रंग

पहिल्या फेऱ्या गल्लीतच, ४० च्या आत. प्रत्येक फेरीनंतर बोल्ट, ऑइलची गळती, ड्रमचा गरमपणा हातानं बघा. नव्या रिंगा असतील तर पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगात न ताणता, रेस कमी-जास्त करत चालवा. मग ऑइल आणि टॅपेट पुन्हा. पीयूसी आणि विम्याशिवाय मोठ्या रस्त्यावर नको.

रंग, क्रोम, नवी सीट आत्ता. आधी रंग लावून मग इंजिन काढणाऱ्यांच्या टाकीवर पान्याचे ओरखडे आणि फ्रेमवर अ‍ॅसिटोनचे डाग पडतात. फ्रेम रंगवायला देताना चॅसी नंबरवर पट्टी चिकटवायला सांगा. पावडर कोटिंगच्या जाड थराखाली नंबर बुजला की आरटीओतला माणूस तो वाचू शकत नाही, आणि मग नवा रंग खरवडायची पाळी येते.

गाडी पुन्हा काही महिने उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, टाकी काठोकाठ भरा, प्लगमधून चमचाभर ऑइल सोडून इंजिन हातानं फिरवा आणि "टी" खुणेवर कॉम्प्रेशनला थांबवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद राहतील. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा आणि ते बांधलंय अशी चिठ्ठी हँडलला लावा.